शेत खरडून गेले, आता माती परत कशी येणार? हिमनदीच्या काठावरचे जिवाणू आणि धाराशिवची जमीन

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत धाराशिव जिल्ह्यात, विशेषतः परंडा आणि भूम तालुक्यांत, नद्या-ओढ्यांनी काठ सोडले. पिके गेली, जनावरे दगावली, घरांत पाणी शिरले. त्या दिवसांतले व्हिडिओ अनेकांनी मोबाईलवर पाहिले असतील. पाणी ओसरल्यावर दिसलेले एक नुकसान मात्र व्हिडिओत नीट कळत नाही. नदी-ओढ्याकाठच्या कित्येक शेतांत वरची माती उरलीच नव्हती. कुठे मुरूम उघडा पडला, कुठे दगडगोटे, कुठे थेट खडक. पंचनाम्याच्या भाषेत याला 'जमीन खरडून जाणे' म्हणतात.

पीक पुढच्या हंगामात पुन्हा घेता येते, पण मातीचे तसे नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये राज्य सरकारने जाहीर केलेल्या मदतीत खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी 47 हजार रुपये रोख आणि रोजगार हमी योजनेतून हेक्टरी 3 लाख रुपयांपर्यंतची कामे, अशी तरतूद होती. रक्कम मोठी वाटते. थोडा हिशेब करून पाहू.

एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. त्यावर एक फूट जाडीचा मातीचा थर द्यायचा तर 43,560 घनफूट माती लागेल. ब्रासमध्ये सांगायचे तर साधारण 435 ब्रास. हेक्टरी हाच आकडा 1,075 ब्रासच्या आसपास जातो. सगळी मदत नुसती माती आणण्यावर खर्च केली तरी एका ब्रासमागे सव्वातीनशे रुपयांपेक्षा जास्त येत नाहीत. खोदाई, भराई, ट्रॉलीचे भाडे आणि पसरणी, सगळे त्यातच. आणि हे फक्त एका फुटाचे झाले. चांगली काळी जमीन तीन-चार फूट किंवा त्याहूनही खोल असते.

मग निसर्गाने ही माती मुळात तयार कशी केली आणि त्याला किती वेळ लागतो? याचे सर्वांत स्पष्ट उत्तर धाराशिवपासून हजारो किलोमीटर दूर, वितळणाऱ्या हिमनद्यांच्या तोंडाशी मिळते.

दगडाची भुकटी म्हणजे माती नव्हे

क्रशरवरची बारीक भुकटी आणून कुंडीत भरा, पाणी घाला आणि ज्वारीचे चार दाणे टाका. दाणे उगवतील, कारण कोंबाला पुरेल इतके अन्न दाण्यातच असते. काही दिवसांतच पाने पिवळी पडतील. पाणी घातले की भुकटीचा गारा होईल, वाळली की कडक पापडी. खनिजे सगळी तिथेच आहेत. कॅल्शियम आहे, मॅग्नेशियम आहे, लोह तर भरपूर आहे. पण ती दगडाच्या स्फटिकांत अडकलेली आहेत, मुळांना सहज मिळत नाहीत.

आणखी तीन गोष्टी त्या कुंडीत जवळजवळ नसतातच. पहिली म्हणजे नत्र, अर्थात नायट्रोजन. बेसॉल्टसारख्या खडकात तो नसल्यातच जमा असतो. दुसरी सेंद्रिय कर्ब, म्हणजे मेलेल्या-कुजलेल्या जीवांपासून आलेला कार्बन. आणि तिसरी रचना: कणाला कण चिकटून तयार झालेली ढेकळे, आणि त्यांच्यामधल्या पोकळ्या, ज्यांत हवा आणि पाणी दोन्ही राहू शकतात. या तिन्ही गोष्टी मातीला सजीवांकडून मिळतात. झाडे आणि गांडुळे हे त्यातले डोळ्यांना दिसणारे सजीव. पण उघड्या दगडावर झाड टिकत नाही आणि गांडूळही जगत नाही. त्यांच्या आधी तिथे जिवाणू पोहोचलेले असतात.

हिमनदीच का?

आपल्या शेतातल्या मातीचे वय सांगणे अवघड असते. तिच्यात वेगवेगळ्या काळांचे थर मिसळलेले असतात, नांगराने ते उलटेपालटे झालेले असतात, आणि सुरुवात कधी झाली हे कुणी पाहिलेले नसते. हिमनदी जिथे मागे हटते तिथे ही अडचण येत नाही. बर्फाचे प्रचंड वजन पुढे सरकताना खालचा खडक घासत जाते, वरची जुनी माती खरवडून नेते आणि मागे दगडगोटे व पिठासारखी बारीक खडकाची पूड सोडते. बर्फ हटला की ती जमीन जवळपास शून्यापासून सुरू होते. बर्फाची कड कोणत्या साली कुठे होती हे जुन्या नकाशांवरून, छायाचित्रांवरून आणि दगडगोट्यांच्या बांधांवरून कळते. त्यामुळे आजच्या कडेपासून खाली चालत गेले की काही पावलांवर पाच वर्षांची जमीन लागते, पुढे पन्नास वर्षांची, त्याही पुढे दीडशे वर्षांची. एकाच माणसाचे बाळपणापासून म्हातारपणापर्यंतचे फोटो ओळीने मांडावेत, तसे.

अलास्कातल्या ग्लेशियर बे इथे 1794 मध्ये जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेला खाडीचे तोंड बर्फाने अडलेले दिसले होते. त्यानंतर तिथला बर्फ सुमारे शंभर किलोमीटर मागे गेला. विल्यम कूपर या अमेरिकन वनस्पतीशास्त्रज्ञाने 1916 पासून तिथल्या उघड्या पडलेल्या जमिनीवर नोंदी ठेवायला सुरुवात केली आणि त्या जागेवरचा अभ्यास पुढे पिढ्यान् पिढ्या चालू राहिला. स्वित्झर्लंडमधली डाम्मा हिमनदी 1850 च्या सुमारापासून मागे हटते आहे. पेरूच्या अँडीज पर्वतात पुका नावाची हिमनदी समुद्रसपाटीपासून 5,000 मीटर उंचीवर आहे. मातीच्या जन्माबद्दल आज जे माहीत आहे, त्यातले बरेचसे अशा मोजक्या ठिकाणांहून आले आहे.

भारतही या कामापासून लांब नाही. गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचे 'हिमाद्री' हे केंद्र 2008 पासून उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर आहे, आणि हिमालयात स्पीतीमध्ये 2016 साली 'हिमांश' सुरू झाले. हिमाद्री ज्या न्यू-ओलेसुंड वस्तीत आहे, तिच्याजवळच्या हिमनद्यांसमोरची उघडी जमीन तर जगात सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या जागांपैकी एक आहे.

जाता जाता एक गंमत. महाराष्ट्रातही कधीकाळी हिमनद्या होत्या! चंद्रपूरजवळ इरई नदीच्या परिसरात चुनखडकावर बर्फाने ओढलेल्या ओरखड्यांच्या खुणा 19 व्या शतकातच भूशास्त्रज्ञांनी नोंदवल्या. त्या सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीच्या आहेत. धाराशिवचा काळा पाषाण तेव्हा जन्मलाही नव्हता. तो लाव्हा आला सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी.

बर्फ हटल्यावर पहिला कोण येतो?

खरे तर काही जण आधीपासून तिथेच असतात. हिमनदीच्या तळाशी, मिट्ट अंधारात, बर्फ आणि खडक यांच्या फटीतल्या पाण्यातही जिवाणू सापडतात. त्यांना सूर्यप्रकाश नको असतो. खडकातल्या गंधकयुक्त खनिजांपासून ते ऊर्जा मिळवतात, आणि त्या प्रक्रियेत सल्फ्युरिक आम्ल तयार होते. म्हणजे जमीन उघडी पडण्याआधीच खडक झिजवण्याचे काम खालून सुरू झालेले असते.

इतर जिवाणू वाऱ्याने येतात, बर्फातून वितळून उतरतात, पक्ष्यांच्या विष्ठेतून पडतात. हिमनदीच्या पृष्ठभागावर धूळ साचून काळपट खळगे पडतात. ती धूळ ऊन शोषते, बर्फ वितळवते आणि खळग्यात पाण्याचे छोटे तळे होते, त्यात जिवाणू वाढतात. बर्फ संपला की हा गाळ उघड्या जमिनीवर पडतो.

पहिली काही वर्षे तिथे खायला फार थोडे असते. वाऱ्याने आणलेले मेलेले कीटक, धुळीतला कार्बन, बर्फाखाली गाडल्या गेलेल्या जुन्या मातीचे अवशेष एवढ्यावर सुरुवात होते. मग सायनोबॅक्टेरिया जम बसवतात. मराठीत त्यांना नील-हरित शेवाळ म्हणतात, पण ते खऱ्या अर्थाने शेवाळ नाही, जिवाणूच आहेत. सूर्यप्रकाशावर स्वतःचे अन्न ते स्वतः तयार करतात. पावसाळ्यात गच्चीवर किंवा अंगणातल्या फरशीवर पाय घसरवणारा हिरवा-काळा थर असतो, त्यात बहुधा हेच असतात.

पेरूच्या पुका हिमनदीसमोरच्या अभ्यासात, 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, जमीन उघडी पडल्यापासून पहिल्या चार-पाच वर्षांतच सायनोबॅक्टेरियांचे प्रकार वाढले, हवेतला नत्र बांधण्याचा वेग शंभरपटीहून अधिक वाढला आणि जमिनीचा वरचा थर आधीपेक्षा घट्ट झाला. तोवर तिथे गवताचे पाते तर सोडाच, शेवाळी-दगडफूलही उगवलेले नव्हते.

दगड फोडायचा कसा?

जिवाणूकडे दात नाहीत, नखे नाहीत. आकार मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. तरीही तो दगड झिजवतो, कारण त्याला दगडातल्या वस्तू हव्या असतात. लोह, फॉस्फरस आणि मॅग्नेशियमशिवाय त्याची पेशी चालत नाही.

आधी तो खनिजाच्या कणाला चिकटतो आणि भोवती बुळबुळीत थर तयार करतो. या थरात पाणी टिकून राहते, त्यामुळे बाहेर सगळे कोरडे झाले तरी दगडाच्या त्या बिंदूवर रासायनिक क्रिया चालू राहते. मग तो ऑक्झॅलिक, सायट्रिक, ग्लुकोनिक अशी सेंद्रिय आम्ले सोडतो. लिंबू पिळले की फरशीवरचा चुना फसफसतो, तोच प्रकार, फक्त अतिशय मंद आणि सूक्ष्म. ही आम्ले खनिजाच्या स्फटिकातून कॅल्शियम, लोह, ॲल्युमिनियम सुटे करतात. लोहासाठी तर जिवाणूंकडे खास रेणू असतात, जे लोहाला घट्ट पकडून पेशीपर्यंत आणतात. शिवाय श्वसनातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळून सौम्य आम्ल होतो, ते वेगळेच.

डाम्मा हिमनदीसमोरच्या जमिनीतून वेगळे केलेले जिवाणू स्विस संशोधकांनी प्रयोगशाळेत ग्रॅनाइटच्या भुकटीवर वाढवले. त्यांचे निष्कर्ष 2010 मध्ये आले. सगळे जिवाणू सारखे निघाले नाहीत. आर्थ्रोबॅक्टर, पोलॅरोमोनास यांसारखे काही गट खडक विरघळवण्यात जास्त कार्यक्षम ठरले. कणाला चिकटणे, आजूबाजूची आम्लता वाढवणे आणि ऑक्झॅलिक आम्ल सोडणे या गोष्टी ज्यांना एकत्र जमत होत्या, ते पुढे होते.

हवेतला नत्र

आपल्याभोवतीच्या हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे, पण तो वनस्पतींना जसाच्या तसा वापरता येत नाही. त्याच्या रेणूतले दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की त्यांना सोडवायला युरियाच्या कारखान्यात प्रचंड दाब आणि शेकडो अंश तापमान लागते. काही जिवाणू तेच काम साध्या तापमानाला करतात. त्यांचे नायट्रोजिनेज नावाचे विकर रेणू फोडून अमोनिया बनवते. या कामाला खूप ऊर्जा लागते, आणि प्राणवायू लागला की हे विकर बंद पडते.

सायनोबॅक्टेरियांपुढे मग एक पेच असतो. प्रकाशसंश्लेषणात ते स्वतःच प्राणवायू बनवतात! नॉस्टॉकसारख्या सायनोबॅक्टेरियाने यावर उपाय काढला आहे. माळेसारख्या ओळीतल्या काही पेशी जाड भिंतीच्या होतात, प्रकाशसंश्लेषणातून प्राणवायू बनवणे थांबवतात आणि फक्त नत्राचे काम करतात. शेजारच्या पेशी त्यांना साखर पुरवतात, त्या शेजाऱ्यांना नत्र देतात. पावसाळ्यात माळरानावर हिरवट-काळ्या जेलीसारखे गोळे दिसतात, ते बहुतेकदा नॉस्टॉकचेच असतात. उन्हाळ्यात ते वाळून कागदाच्या कपट्यासारखे होतात आणि पाऊस पडला की पुन्हा फुगतात.

हे जिवाणू मरतात तेव्हा त्यांच्यातला नत्र आणि कार्बन जमिनीतच राहतो. तरुण मातीतला सेंद्रिय पदार्थ मोठ्या प्रमाणात जिवाणूंच्या मृत शरीरांचा असतो. ते वाचून कसेतरी वाटेल, पण पहिल्या झाडाचे पहिले खत हेच.

ग्लेशियर बे मध्ये पुढचा टप्पा वनस्पतींनी गाठला, तोही जिवाणूंच्या भरवशावर. तिथे सुरुवातीला स्थिरावणाऱ्या वनस्पतींत ड्रायास हे जमिनीलगत पसरणारे झुडूप आणि आल्डर हे झाड प्रमुख. दोघांच्याही मुळांवर गाठी असतात आणि गाठींत फ्रँकिया नावाचे नत्र बांधणारे जिवाणू. आल्डरखालची जमीन सुरुवातीला अल्कधर्मी होती, सामू आठच्या आसपास. सुमारे अर्ध्या शतकात तो पाचापर्यंत उतरला आणि नत्राचा साठा वाढत गेला. त्यानंतर स्प्रूसची जंगले आली.

चिकटवण्याचे काम

नत्र आणि आम्लांची चर्चा बरीच होते, पण पुरात वाहून जाणाऱ्या जमिनीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. जिवाणूंचा बुळबुळीत थर हा शर्करेच्या लांब साखळ्यांचा असतो. तो वाळला की कणांना एकमेकांशी चिकटवतो. सायनोबॅक्टेरियांचे धागे वाळूच्या कणांभोवती गुंडाळले जातात. नंतर बुरशीचे तंतू आणि मुळे येतात आणि छोट्या गुठळ्यांच्या मोठ्या गुठळ्या होतात.

सुट्या कणांवर पावसाचा थेंब आपटला की कण उडतो आणि वाहत्या पाण्याबरोबर जातो. तोच कण गुठळीत बांधलेला असेल तर त्याला हलवायला जास्त जोर लागतो, शिवाय गुठळ्यांमधल्या पोकळ्यांतून पाणी खाली मुरते. म्हणून ज्या जमिनीत सेंद्रिय कर्ब कमी, तिथे चिकटवणारे जीव कमी, आणि तिथली माती आधी जाते. नदीच पात्र सोडून शेतातून वाहू लागली तर कोणतीही गुठळी टिकणार नाही, हेही खरे. पण बांधावरून, उतारावरून दर पावसाळ्यात गुपचूप जाणारी माती यानेच थांबते किंवा यानेच सुटते.

धाराशिवचा खडक आणि हिमनदीचा खडक

आता बालाघाटच्या पठारावर परत येऊ. नळदुर्गच्या किल्ल्याखालचा असो किंवा धाराशिवच्या लेण्यांचा, इथला खडक म्हणजे बेसॉल्ट. डाम्माच्या ग्रॅनाइटपेक्षा तो लवकर झिजतो, कारण त्यातली खनिजे हवा-पाण्यापुढे कमी टिकतात. विहीर खोदताना किंवा रस्त्याच्या कटाईत गोल दगडांवर कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले दिसतात. तो झिजणारा बेसॉल्ट. पापुद्रे भुगा झाले की मुरूम, आणि मुरमाच्या वर माती.

उष्णतेचाही फायदा आहे. ढोबळमानाने तापमान 10 अंशांनी वाढले की रासायनिक आणि जैविक क्रियांचा वेग दुप्पट किंवा त्याहून अधिक होतो. ध्रुवाजवळ जिवाणूंना वर्षातले दोन-तीन महिनेच काम करता येते. धाराशिवला थंडीची अडचण नाही, पाण्याची आहे. एप्रिल-मेमध्ये उघडा मुरूम तव्यासारखा तापतो आणि जिवाणू बीजाणूंच्या किंवा सुप्त पेशींच्या रूपात पडून राहतात. त्यांचा खरा हंगाम जून ते ऑक्टोबर. पहिल्या पावसात येणारा मातीचा वास त्यांच्यामुळेच येतो. स्ट्रेप्टोमायसिस गटातले जिवाणू जिओस्मिन नावाचे द्रव्य बनवतात, थेंब आपटला की ते हवेत उडते.

दगडावर पहिला संसार थाटणाऱ्यांची ओळख मराठवाड्याच्या स्वयंपाकघरातही आहे. काळ्या मसाल्यात पडणारे दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची जोडी. त्यात नत्र बांधणारे जिवाणू भागीदार नाहीत, पण दगडफुलाच्या काही भाऊबंदांत शैवालाच्या जागी सायनोबॅक्टेरिया असतात, आणि ते दगडावर बसल्या बसल्या त्यालाही खातात आणि नत्रही बांधतात.

मग उष्ण हवामान आणि लवकर झिजणारा खडक असताना इथे माती लवकर तयार व्हायला हवी. हिमनदीच्या तुलनेत तसे होते, पण माणसाच्या आयुष्याच्या मापाने नाही. खडकापासून एक सेंटिमीटर माती बनायला सर्वसाधारणपणे शेकडो वर्षे धरली जातात. आणि काळ्या जमिनीची गोष्ट तर त्याहून वेगळी आहे.

काळ्या मातीची चिकटी, पाण्याने फुगणे आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणे हे सगळे स्मेक्टाइट नावाच्या चिकण खनिजामुळे होते. ही चिकटी काय असते, हे तेरच्या गोरोबाकाकांच्या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. दख्खनच्या काळ्या मातीतल्या खनिजांचा अभ्यास करणाऱ्या भारतीय मृदाशास्त्रज्ञांची मांडणी अशी आहे की एवढे स्मेक्टाइट आजच्या कोरड्या हवामानात तयार होऊ शकत नाही. ते पूर्वीच्या जास्त पावसाच्या काळात तयार झाले, वरच्या पठारांवरून वाहून आले आणि सखल भागांत साचले. म्हणजे नदीकाठची खोल काळी जमीन त्या त्या शेतात खालच्या खडकापासून बनलेली नाही. ती हजारो वर्षांची वाहून आलेली ठेव आहे. ज्या पाण्याने ती आणली, तेच पाणी ती नेऊही शकते, आणि आजच्या हवामानात ती तशीच्या तशी पुन्हा बनणार नाही.

काळा रंग पाहून जमिनीत सेंद्रिय पदार्थ भरपूर आहे असे वाटते, हा आणखी एक गैरसमज. मराठवाड्यातल्या अनेक काळ्या जमिनींत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी सापडतो. रंगावरून कस ठरत नाही, माती परीक्षणावरून ठरतो.

मग खरडलेल्या शेताचे काय?

सोशल मीडियावर अमुक द्रावण टाका, सहा महिन्यांत मुरमाची माती करा, असे दावे फिरत असतात. वर सांगितलेल्या वेगांकडे पाहिले की त्यांची किंमत कळते. जिवाणू संवर्धकांचा उपयोग आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठासह अनेक संस्था ती तयार करतात, आणि रायझोबियमची बीजप्रक्रिया किंवा स्फुरद विरघळवणारे जिवाणू पिकाला मदत करतात. पण बाटलीतले जिवाणू 435 ब्रास माती आणत नाहीत. शिवाय त्यांना खायला सेंद्रिय पदार्थ आणि जगायला ओल नसेल तर उघड्या मुरमावर ते टिकतही नाहीत.

थर भरून काढायचा तर माती बाहेरूनच आणावी लागते. तलाव आणि धरणांतला गाळ हा त्यातल्या त्यात योग्य माल, कारण तो कुणाच्या तरी शेतातूनच वाहून आलेला असतो. राज्यात 2017 पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना याच कल्पनेवर चालते. मात्र तळ्याच्या बुडाशी बराच काळ पाण्याखाली राहिलेल्या गाळात हवा खेळलेली नसते. टाकल्या टाकल्या तो शेतासारखा वागत नाही. त्याला ऊन लागावे लागते, शेणखत किंवा कंपोस्ट मिसळावे लागते, एखादा पावसाळा जावा लागतो. तोवर त्यात गुठळ्या बांधणारे जीव पुन्हा वाढतात. जाड चिकण गाळ मुरमावर नुसता ओतला तर वर चिखल आणि खाली निचरा अशी दोन वेगळी तोंडे राहतात, म्हणून तो थोडा मुरमात मिसळून घेणे बरे.

हिमनदीच्या तुलनेत खरडलेल्या शेताची बाजू एका बाबतीत बरीच भक्कम असते. इथे शून्यापासून सुरुवात नाही. मुरूम आधीच अर्धा झिजलेला आहे. फटींत जुनी मुळे आणि थोडी माती उरलेली असते, शेजारचे बांध जिवंत असतात, वारा आणि जनावरे रोज बी आणि जिवाणू आणून टाकतात. पुका हिमनदीसमोर ज्याला चार-पाच वर्षे लागली, तो हिरवा-काळा पातळ थर इथे एक-दोन पावसाळ्यांतही दिसू शकतो. त्यावर ट्रॅक्टर आणि गुरे सतत फिरली तर मात्र तो मोडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

ग्लेशियर बे मध्ये ड्रायास आणि आल्डरने जे केले, ते इथे ताग, धैंचा, हुलगा, मटकी आणि बांधावरची गिरिपुष्पाची झाडे करू शकतात. यांच्याही मुळांवर गाठी असतात, फक्त आतला जिवाणू फ्रँकियाऐवजी रायझोबियम आणि त्याचे नातेवाईक असतात. खरडलेल्या तुकड्यावर पहिल्याच वर्षी सोयाबीनचे पूर्ण उत्पन्न धरण्यापेक्षा ताग किंवा धैंचा फुलावर येताच गाडून टाकणे हे जिवाणूंच्या हिशेबाशी जास्त जुळते. ज्याच्याकडे एकूण दोनच एकर आहेत आणि त्यातला एक गेला आहे, त्याला हे सांगणे सोपे आहे, त्याच्यासाठी ते करणे सोपे नाही. एक हंगाम उत्पन्नाविना काढावा लागतो, आणि मदतीच्या निकषांत त्या हंगामासाठी वेगळा रकाना नसतो.

उतारावर आडवे बांध आणि ताली घातल्या, काडीकचरा जाळण्याऐवजी पसरला, की जून ते ऑक्टोबरच्या त्या चार-पाच महिन्यांत पाणी आणि खाद्य दोन्ही जमिनीत जास्त दिवस टिकते. पावसाळा संपताना अशा तुकड्यावर गुडघ्यावर बसून पाहिले तर मुरमाच्या खड्यांवर पातळ काळपट पापुद्रा दिसतो. बोटाने उचलला तर खाली चार-पाच खडे त्याला चिकटून येतात. पाणी शिंपडले की काही मिनिटांत तो हिरवा होतो.